दुसऱ्या पुलानंतरचं घर

सेगावा रस्ता विचारत नसत. नागोयाच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला होता. शहराच्या पोटात कुठली नळी कुठे वळते हे ते डोळे मिटून सांगत, आणि निवृत्त झाल्यावर तोच आत्मविश्वास त्यांनी देशातल्या जुन्या रस्त्यांकडे वळवला होता. दर वर्षी एक प्रांत निवडायचा, उन्हाळाभर वाचनालयात बसून त्याचा इतिहास वाचायचा आणि पानं लाल व्हायला लागली की बायकोला बरोबर घेऊन तो प्रांत तपासायला निघायचं. तपासायला हा त्यांचाच शब्द. इतका अभ्यास करून गेलेल्या माणसाने गावातल्या कुणाला थांबवून ‘अहो, अमुक घर कुठे आलं’ असं विचारायचं, हे त्यांना फार कमीपणाचं वाटे.

यंदा शिनानोच्या डोंगरातला मिठाचा रस्ता होता. पूर्वी समुद्राकडून मीठ लादून बैलांचे तांडे या वाटेने वर येत. बैलवाले ज्या घरांत रात्रीचा मुक्काम करत, त्यातलं एक घर तोचिझावा गावाने संग्रहालय म्हणून जपलं होतं. पत्रकात लिहिलं होतं की नदीच्या काठाने या, दुसरा पूल ओलांडला की उजव्या हाताला गवताने शाकारलेलं मोठं घर लागेल. सेगावांनी दुसरा पूल ओलांडला आणि उजव्या हाताला गवताने शाकारलेलं मोठं घर लागलं. यातला एक पूल गावाने याच वर्षी बांधलेला होता आणि पत्रक त्याच्या आधीचं होतं, ही गोष्ट मात्र वाचनालयात सापडण्यासारखी नव्हती.

“पाटी कुठे दिसत नाही हो,” मिएको म्हणाली. “विचारू या का कुणाला?”

“पाटी लावली की घराचा जुनेपणा जातो,” सेगावा म्हणाले. “समजदार लोक दिसतात.”

पुढच्या अंगणात बऱ्याच मोटारी उभ्या होत्या. संग्रहालयाला गर्दी आहे हे बघून सेगावांना बरं वाटलं. पण बैलवाले पुढच्या दाराने शिरत नसत, हे त्यांनी वाचलेलं होतं. म्हणून ते वळसा घालून गोठ्याच्या दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मातीची जमीन, काळ्या पडलेल्या तुळया, आणि भिंतीभर टांगलेलं सामान. बैलांचे गवती जोडे, वेसणी, मिठाची पोती, बर्फात चालताना पायाला बांधायच्या फळ्या, दोर, कावडी. प्रत्येक वस्तूला सुतळीने एक कागदी चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर हाताने लिहिलेलं, ही वस्तू काय आणि कुणाच्या घरची. मिएकोच्या मनात जी काही शंका होती ती त्या चिठ्ठ्या बघून गेली. चिठ्ठ्या बांधलेल्या घराला संग्रहालय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सेगावांना डाव्या कानाने कमी ऐकू येत असे. हे त्यांना मान्य नसल्यामुळे ते मोठ्याने बोलत. त्यांनी पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. चिठ्ठी वाचायची, मग त्या वस्तूचा इतिहास सांगायचा. ओगुरांच्या घरचं मिठाचं पोतं. खालच्या आळीतल्या मियाशितांची कावड. मिएको ‘हं, हं’ करत मागून चालली होती. ती तीस वर्षं अशीच मागून चालली होती.

“एक सांगतो तुला,” मधेच थांबून सेगावा म्हणाले. “हे ज्याने जमवलं ना, तो माणूस पक्का कंजूष असणार. तुटकी दोरीसुद्धा सोडली नाही गड्याने. आणि अक्षर बघ, कोंबडी नाचून गेल्यासारखं. पण माहिती चोख. एक चूक काढता येत नाही.”

आतल्या बाजूला, सरकत्या दारांच्या पलीकडे, कुणीतरी संथ सुरात बौद्ध सूत्रं म्हणत होतं. उदबत्तीचा वासही येत होता. मिएकोने नवऱ्याकडे बघितलं. सेगावांनी तिला समजावलं की हल्ली सगळ्या चांगल्या संग्रहालयांत असं करतात. ध्वनिफीत लावतात, वास सोडतात. वातावरणनिर्मिती म्हणतात त्याला. मग त्यांची नजर खुंटीवरच्या एका घंटेवर गेली. बैलाच्या गळ्यातली, पितळेची, मुठीएवढी. ‘हात लावू नये’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अस्वलांना पळवून लावायला बैलांच्या गळ्यात अशा घंटा असत, ती अशी वाजे, असं म्हणून त्यांनी ती जोरजोराने हलवली. पलीकडे सूत्रं एकदम अडखळली, पुष्कळ कपड्यांची एकदम सळसळ झाली आणि मग सूत्रं पुन्हा सुरू झाली.

“फीत जुनी झालीय,” सेगावा म्हणाले.

गोठ्यातून दोन पायऱ्या चढलं की आगटीची खोली. बूट काढून दोघं वर गेली. आगटीत खरा विस्तव होता आणि वर टांगलेल्या किटलीतून वाफ येत होती. कोपऱ्यात झाकलेल्या वाट्यांचे ट्रे ओळीने मांडून ठेवलेले होते. त्यांच्या जरा पुढे, एकटाच, बुटक्या पायांचा एक लहानसा चौरंग होता. त्यावर इवल्याइवल्या वाट्यांत भात, शिजवलेल्या अळंब्या, आणि तिळाच्या तोफूचा एक पांढरा चौकोन. सेगावा खाली वाकले आणि त्यांनी चष्मा वर केला. हॉटेलांच्या काचेत ठेवतात तसे प्लास्टिकचे पदार्थ त्यांनी जन्मभर बघितले होते. पण इतकं हुबेहूब काम त्यांनी कुठेही बघितलं नव्हतं.

“अहो, हात नका लावू,” मिएको म्हणाली.

“काही होत नाही गं. कडक असतं.”

आणि त्यांनी तोफूवर बोट दाबलं. बोट आत गेलं. गार, मऊ, पेरापर्यंत. ते बोट तिथेच असताना समोरची दारं दोन्ही बाजूंना सरकली.

पलीकडे मोठ्या खोलीत चटयांवर गावातली माणसं ओळीने बसलेली होती. सगळी काळ्या कपड्यांत. त्यांच्यापुढे पुरोहित होते आणि त्यांच्याही पुढे पांढऱ्या फुलांत एका म्हाताऱ्याचा फोटो. त्या म्हाताऱ्याला जाऊन आज एकोणपन्नासावा दिवस होता. गेलेला माणूस इतके दिवस घराच्या आसपास असतो आणि त्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन खरोखर जातो. तो लहान चौरंग त्याच्या निरोपाच्या जेवणाचा होता.

सेगावांच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण कमी दिसावं असं वाटलं.

दार उघडलं होतं ते किनु आजींनी, म्हणजे गेलेल्या योकोसावा मासाकिचींच्या बायकोने. आजींनी पाहुण्यांकडे बघितलं, चौरंगाकडे बघितलं, आणि खाली बसून चटईला कपाळ टेकेल इतकं वाकून नमस्कार केला. “लांबून आलात,” त्या म्हणाल्या. त्या वाकल्या म्हणून खोलीभर सगळे वाकले. सगळे वाकले म्हणून सेगावाही वाकले, बोट जाकिटाला पुसत. त्याच क्षणी ‘माफ करा, घर चुकलं’ असं म्हणून पळ काढला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सुतक असलेल्या घरात, वाकलेल्या म्हातारीच्या डोक्यावरून, ‘आम्हाला वाटलं तुम्ही संग्रहालय आहात’ हे वाक्य म्हणायचं कसं? सेगावांना ते जमलं नाही. घरच्यांनाही ‘तुम्ही कोण’ हे विचारणं जमण्यासारखं नव्हतं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला त्याचं नाव विचारायचं म्हणजे आपण त्याला विसरलो असं त्याच्या तोंडावर सांगायचं.

मिएकोच्या हातात एक पिशवी होती. मुक्कामाच्या लॉजच्या मालकिणीसाठी नागोयाहून मिठाईचा डबा आणला होता, तो तिच्यात होता. घरच्या सुनेने पुढे होऊन दोन्ही हात पसरले. समोर दोन हात पसरलेले असताना पिशवी मागे कशी घेणार? डबा गेला तो थेट फोटोपुढे जाऊन बसला. त्यावर ठळक अक्षरांत नागोया लिहिलेलं होतं. ते बघून मासाकिचींचा मुलगा शिगेरु, पन्नाशीचा, मात्सुमोतो शहरात नोकरी करणारा, भराभर पुढे आला.

“नागोयाहून? म्हणजे बाबा हिवाळ्यात कामाला जायचे तेव्हाची ओळख?” तो म्हणाला. “पाण्याच्या नळांची खोदाई करायचे ते. तुम्ही पाणीपुरवठ्यातले का?”

“हो,” सेगावा म्हणाले.

अख्ख्या दिवसात त्यांनी दिलेलं हे पहिलं शंभर टक्के खरं उत्तर होतं, आणि त्यानेच घात केला. खोलीभर कुजबुज पसरली. नागोयाचे आलेत, मासाकिचीचे दोस्त आलेत, बायकोला घेऊन आलेत. आजी उठल्या आणि कपाटातून नवऱ्याचा काळा कोट घेऊन आल्या. तो त्यांनी नारिंगी जाकिटावरून सेगावांच्या खांद्यावर चढवला. कोटाला कापराचा वास होता आणि बाह्या आखूड होत्या. मग दोघांना फोटोपुढे नेऊन बसवलं. सेगावांनी चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याची क्षमा मागितली. फोटोतला माणूस थेट त्यांच्याकडेच बघत होता. शेजारी चौरंग आणून ठेवला होता. त्यावरच्या तोफूला एक भोक होतं आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

जेवणाला त्यांना पुरोहितांच्या शेजारी मानाची जागा मिळाली. मिएकोने अजून काही खाल्लं नव्हतं. ती ओठ न हलवता नवऱ्याला म्हणाली, “आत्ता सांगा.” सेगावा तसेच ओठ न हलवता म्हणाले, “जेवण झालं की सांगतो.” त्या क्षणी त्यांचा इरादा, खोटं कशाला बोला, जेवण झालं की निसटायचा होता. पोटदुखीचं सांगायचं, बसची वेळ सांगायची, काहीही सांगायचं. पण शिगेरु साकेची सुरई घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“तुम्ही आलात ते फार बरं झालं,” तो हळू आवाजात म्हणाला. “परवा टेम्पो येतोय. गोठ्यातलं सगळं भंगारात जाणार, आई माझ्याकडे राहायला येणार. गावातलं जे घर बंद पडायचं तिथलं काहीतरी उचलून आणायचे बाबा. आम्ही हसायचो. आज सकाळपासूनही सगळे तेवढंच बोललेत, मासाकिचीने घराचा उकिरडा केला. मीही तेच बोललो. पण आईचं एकच आहे. आज बाबा निरोप घेऊन जायच्या आधी त्यांच्याबद्दल बरं बोलणारं एक तरी माणूस भेटावं. दोन शब्द बोलाल ना?”

आता निसटायची वाट उरली नाही. बोललं तर मेलेल्या माणसाच्या नावाने आणि त्याच्या बायकोच्या तोंडावर थाप. खरं सांगितलं तर म्हातारीला मिळालेला एकमेव माणूस तिच्याच ताटावरून हिरावून घ्यायचा. आणि तोवर पुरोहितांनी घसा खाकरून सांगूनही टाकलं होतं की नागोयाचे पाहुणे आता बोलतील.

सेगावा उभे राहिले. सगळ्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. आजींनी हात मांडीवर ठेवले आणि मान जराशी कलती केली. ऐकू नीट यावं म्हणून म्हातारी माणसं करतात तशी.

“मासाकिचीसान,” सेगावांनी सुरुवात केली, “खंदकात उतरले की...”

कुठल्या खंदकात, केव्हा, कसे, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण थाप सोपी होती. मेहनती होते म्हणायचं, अबोल होते म्हणायचं, घरच्यांची आठवण काढायचे म्हणायचं. कुठल्याही कामगाराला शोभलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण आजी समोरून इतकं लक्ष देऊन बघत होत्या की सेगावांना आपल्या अंगावरच्या त्या आखूड बाह्यांची अतोनात लाज वाटली. ते खाली बसले, दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ त्यावर ठेवलं.

त्यांनी सगळं सांगितलं. पुलांपासून सांगितलं. आपण मासाकिचींना ओळखत नाही, आजवर नावही ऐकलेलं नव्हतं, पाणीपुरवठा खरा पण ओळख खोटी. हे घर आपल्याला संग्रहालय वाटलं. सूत्रं ही ध्वनिफीत वाटली. घंटा आपण वाजवली. तोफूत बोट आपण घातलं, कारण ते प्लास्टिकचं आहे असं आपल्याला वाटलं. मिएको केव्हा शेजारी येऊन तशीच कपाळ टेकवून बसली ते त्यांना कळलंही नाही. चटईच्या विणीकडे बघत त्यांना एवढंच वाटत होतं की आता कुणीतरी ओरडावं, हाकलून द्यावं. ते जास्त सोपं गेलं असतं.

कुणी ओरडलं नाही. मागच्या रांगेतून म्हाताऱ्या ओगुरांचा आवाज आला.

“म्हणजे ती घंटा महाराजांची नव्हती होय. तरी म्हटलं, मधेच कशाला वाकायला लावतायत. माझी कंबर धरलीय मगापासून.”

पुरोहित म्हणाले की आपण कितव्या ओळीवर होतो तेच आपल्याला तेव्हापासून आठवत नाहीये, बहुधा एक पान गाळलं गेलं. कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. पण आजी हसल्या नाहीत. त्या गुडघ्यांवर सरकत सेगावांच्या समोर येऊन बसल्या.

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “नागोयात त्यांचं कुणी नव्हतं हो. चार-चार महिने राहून यायचे, पण तिथे कुणी आपल्याशी बोललंच नाही म्हणायचे. दोस्त कुठून येणार?”

“पोथी चालू होती, पण खरं सांगते, मी पोथी ऐकलीच नाही,” आजी सांगत होत्या. “तुमचा आवाज येत होता पलीकडून. मियाशितांची कावड म्हणालात, ओगुरांचं पोतं म्हणालात, त्याचं काय करत, कसं करत, सगळं सांगत होतात. इतकी वर्षं चिठ्ठ्या बांधल्या त्या माणसाने. एकानेही कधी वाचली नाही. मीसुद्धा नाही. आज त्यांचा घरातला शेवटचा दिवस. जाता जाता ऐकलं त्यांनी.”

शिगेरु खाली बघत होता. ओगुरांनी जवळच्याला विचारलं की आपलं पोतं खरंच आहे का गोठ्यात, कारण आपल्याला ते केव्हाच हरवलं असं वाटत होतं.

“कंजूष म्हणालात तेही ऐकलं,” आजी म्हणाल्या. “अक्षराचंही ऐकलं. ते दोन्ही खरं आहे. पण माहिती चोख म्हणालात ना? ते तेवढं पुन्हा एकदा म्हणाल का? इथे, सगळ्यांसमोर.”

सेगावांनी ते म्हटलं. चटईला कपाळ टेकलेलं तसंच ठेवून, आवाज फुटेल तेवढा फोडून म्हटलं की माहिती चोख आहे, एक चूक काढता येत नाही. आजवर त्यांनी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ मतं दिली होती. पण इतक्या शरमेने कधीच दिलं नव्हतं आणि इतकं मनापासूनही कधी दिलं नव्हतं.

निघताना आजींनी मिठाईच्या डब्याबद्दल आभार मानले, त्यामुळे सेगावांना नव्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बूट गोठ्याच्या दाराशी होते. शिगेरु आणि आजी त्यांना पोचवायला तिथवर आले. इतक्यात दार लोटून एक तरुण जोडपं आत आलं. पाठीवर पिशव्या, हातात तेच पत्रक. मुलीने भिंतीवरच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि तिचा चेहरा उजळला.

“हेच ना ते बैलवाल्यांचं संग्रहालय?” मुलाने शिगेरुला विचारलं.

शिगेरुने आईकडे बघितलं. तो भिंतीकडे वळला आणि पहिल्यांदाच, जवळ जाऊन, समोरची एक चिठ्ठी उलटी करून त्याने वाचली.

“हो,” तो म्हणाला. “या. बूट इथे काढा. बघा सावकाश.”

ती दोघं पुढे काही न विचारता पायऱ्या चढून वर गेली. त्यांचे चिखलाने भरलेले बूट वेडेवाकडे पडले होते. सेगावांच्या अंगावर अजून मासाकिचींचा काळा कोट होता, तो परत द्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ते खाली बसले आणि घरचा माणूस पाहुण्यांचे बूट लावतो तसे त्यांनी ते उचलून, टोकं दाराकडे करून, नीट एका रांगेत मांडले. ती मुलगी वरून वळून म्हणाली, “थँक्यू, आजोबा. घर छान ठेवलंय तुम्ही.”

सेगावांनी मान वर केली नाही.